मॉनिटरचा पॉवर सप्लाय: फुगलेले चार आणि न फुगलेला एक

१७ इंची, चौकोनी, मागे सीसीएफएल, म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूबचा उजेड असलेला जुना एलसीडी मॉनिटर. बटण दाबलं की हिरवा दिवा क्षणभर लागतो, विझतो, परत लागतो. पडदा काळाच. मागच्या जाळीला कान लावला की आतून बारीक टिक-टिक ऐकू येते, साधारण सेकंदाला एक. वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला होता. इमारतीच्या मीटररूममध्ये काम निघालं, दिवसभर लाइट गेली, आणि परत आल्यापासून तो उठलाच नाही.

अशा वेळी सगळे म्हणतात, लाइट येताना व्होल्टेज जास्त आलं आणि आतलं काहीतरी उडालं. बहुतेकदा तसं झालेलं नसतं. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बंद पडून मुंबईभर वीज गेली होती. तशा दिवसानंतर किंवा ऑफिसच्या लांब सुट्टीनंतर जे मॉनिटर उठत नाहीत, त्यांच्यातला दोष कित्येक महिने आधीच तयार झालेला असतो. पॉवर सप्लाय चालू असताना तो दडून राहतो. थंड झालेला सप्लाय नव्याने सुरू करायची वेळ आली की उघडा पडतो. असं का होतं ते पुढे येईलच, कारण या दुरुस्तीचा सगळा जीव त्यातच आहे.

उघडण्याआधी एक गोष्ट. या बोर्डाच्या अर्ध्या भागात मुंबईच्या घरातले २३० व्होल्ट ब्रिज रेक्टिफायरमधून जाऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि १०० मायक्रोफॅरडच्या एका जाड कंडेन्सरमध्ये साठतात. म्हणजे जवळजवळ ५ जूल. प्लग काढल्यावरही ते तिथेच असतात. या मॉनिटरचा प्लग काढून मिनिटभराने मोजलं तेव्हा त्या कंडेन्सरवर १४० व्होल्ट शिल्लक होते. ज्याला हे मोजायची सवय नाही, त्याने झाकण उघडू नये. हातात अंगठी किंवा धातूचं कडं नको, पायात रबरी चप्पल हवी, आणि घरात दुसरं माणूस हवं.

मॉनिटर पालथा ठेवायला खाली दुमडलेली चादर घेतली. स्टँडचे चार स्क्रू निघाले. त्यानंतर पुढची चौकट मागच्या झाकणाला फक्त प्लॅस्टिकच्या खाचांनी धरलेली असते. तिथे स्क्रू-ड्रायव्हर घातला तर कड तुटते किंवा पडद्याला ओरखडा जातो. जुनं एटीएम कार्ड खालच्या कडेला मधोमध सरकवायचं आणि हळूहळू बाजूला नेत जायचं. पहिली खाच सुटायला वेळ लागतो, मग बाकीच्या ओळीने सुटतात. झाकणाखाली पत्र्याचा डबा. त्याच्या बाजूला ट्यूबच्या गुलाबी-पांढऱ्या वायरींचे कनेक्टर असतात. ते वायर धरून ओढायचे नाहीत, प्लॅस्टिकचा भाग चिमटीत धरून काढायचे. कुठली वायर कुठे होती, बटणांची पट्टी कशी बसली होती, याचे मोबाइलवर फोटो आधीच काढून ठेवले.

पत्रा उलटला की दोन बोर्ड दिसतात. लहान, हिरवा, बारीक पायांच्या आयसींचा तो चित्राचा. मोठा, तपकिरी, एका बाजूनेच तांबं असलेला तो पॉवर सप्लाय आणि ट्यूब पेटवणारा इन्व्हर्टर मिळून. पहिलं काम जाड कंडेन्सर रिकामा करणं. त्यासाठी १० किलोओहम, ५ वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर सोल्डर केलेला, कायम हाताशी ठेवतो. कंडेन्सरच्या दोन पायांवर ५-७ सेकंद धरला आणि मग मीटरने मोजलं: २ व्होल्ट. पुष्कळ जण इथे स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकतात. ठिणगी पडते, पट्टी जळते, कधी कधी ब्रिजही जातो. दहा रुपयांच्या रेझिस्टरने जे शांतपणे होतं, त्यासाठी हा धोका घेऊ नये.

आता बघायचं. सेकंडरीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या त्या बाजूला जिथून ५ आणि १४ व्होल्ट निघतात, चार कंडेन्सर डोक्यावर फुगले होते. ५ व्होल्टच्या लाइनवर १००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचे दोन. १४ व्होल्टच्या लाइनवर १०००, २५ व्होल्टचा एक आणि ४७०, २५ व्होल्टचा एक. डोक्यावरची चीर सपाट असायला हवी. इथे ती घुमटासारखी वर आली होती आणि एकीवर तपकिरी खपली धरली होती. २००० च्या दशकातल्या कितीतरी बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कंडेन्सर बसले होते, त्यामुळे हे दृश्य ओळखीचं आहे.

फुगलेल्यांच्या पलीकडे अजून एक गोष्ट नजरेत भरली. मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात पिवळसर गोंद टाकलेला असतो. उष्णतेने तो तपकिरी, कडक होतो आणि मग थोडीफार वीज वाहू देतो. आपल्या हवेतला दमटपणा त्यात भर घालतो. जाड कंडेन्सरच्या बुडाशी असा गोंद पसरून एका रेझिस्टरच्या पायाला टेकला होता. नखाने टवका काढला तर खालचा पाय हिरवा पडलेला, अर्ध्या जाडीचा उरलेला. समुद्राजवळच्या इमारतींतल्या यंत्रांत हे जास्त दिसतं. प्लॅस्टिकच्या पट्टीने सगळा गोंद खरवडला, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने जागा धुतली, आणि तो रेझिस्टर बदलायच्या यादीत टाकला. त्याच कोपऱ्यात झुरळांची काळी घाण होती, तीही साफ केली. ३२५ व्होल्टच्या दोन पट्ट्यांमध्ये ती ओलसर झाली की तिथूनच ठिणगी सुरू होते.

मोजमाप. वीज न लावता आधी फ्यूज बघितला: ३.१५ अँपिअर, शाबूत. मॉस्फेट म्हणजे सप्लायचा वेगाने चालू-बंद होणारा स्विच; त्याच्या ड्रेन आणि सोर्स या पायांवर मीटरची डायोड रेंज लावली, शॉर्ट नाही. सेकंडरीचे शॉट्की डायोडही शॉर्ट नाहीत. इथे जरा थांबून सांगतो. फ्यूज काचेच्या आतून काळा किंवा चंदेरी झाला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बहुतेक मॉस्फेट शॉर्ट असतो, त्याच्याबरोबर सोर्समधला अर्ध्या ओहमच्या आतला रेझिस्टर उघडा होतो, आणि पुष्कळदा सप्लाय चालवणारी आयसीही जाते. तिन्ही न तपासता नुसता नवा फ्यूज टाकला तर तो त्याच क्षणी उडतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार टाकलेले बोर्डही पाहायला मिळतात. ते करू नका, त्याने घराला आग लागू शकते.

मग वीज लावली, पण थेट नाही. सिरीज बोर्डवर १०० वॉटचा पिवळा बल्ब लावून. सप्लाय शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटून राहतो आणि बोर्ड वाचतो. इथे तो एकदा चमकून विझला, म्हणजे शॉर्ट नाही. भिंतीवरचं व्होल्टेज २२८, जाड कंडेन्सरवर ३२१. म्हणजे ब्रिज, फ्यूज, थर्मिस्टर (सुरुवातीचा झटका आवरणारा रेझिस्टर) सगळं ठीक. सेकंडरीला ५ च्या जागी आकडा २ आणि ४ च्या मध्ये उड्या मारत होता.

त्यानंतर आयसीच्या व्हीसीसी पायावर, म्हणजे तिला स्वतःला वीज मिळते त्या पायावर मोजलं. ही आयसी प्रायमरीच्या, म्हणजे ३२५ व्होल्टच्या बाजूला असते, म्हणून मीटरचा काळा प्रोब जाड कंडेन्सरच्या निगेटिव्हला लावायचा, पत्र्याला किंवा सेकंडरीच्या ग्राउंडला नाही. ही चूक पुष्कळांची होते आणि मग आकडे भलतेच येतात. इथे व्होल्टेज चढत होतं, पडत होतं, पुन्हा चढत होतं, टिक-टिकच्या तालावर.

या तालाचा अर्थ असा. यूसी ३८४२ सारख्या आयसी व्हीसीसी १६ व्होल्टपर्यंत चढल्यावर जाग्या होतात आणि १० च्या खाली गेल्यावर बंद पडतात. सुरुवातीचे १६ व्होल्ट मिळवायला ३२५ व्होल्टवरून मोठे रेझिस्टर लावलेले असतात, आमच्या बोर्डावर एकूण १ मेगओहम. त्यातून मिळतो जेमतेम ०.३ मिलिअँपिअर. तेवढ्यावर २२ मायक्रोफॅरडचा एक छोटा कंडेन्सर भरायला सेकंदभर लागतो. तो भरला की आयसी सुरू होते आणि तिची भूक त्या ०.३ मिलिअँपिअरपेक्षा कितीतरी जास्त असते. ट्रान्सफॉर्मरचं मदतनीस वाइंडिंग तिला पोसायला लागेपर्यंतचे काही मिलिसेकंद तिने त्या छोट्या कंडेन्सरच्या साठ्यावर काढायचे असतात. साठा पुरला तर सप्लाय उठतो. नाही पुरला तर व्हीसीसी १० च्या खाली येतं, आयसी बंद, परत भरणं, परत प्रयत्न. टिक, टिक, टिक.

सेकंडरीचे कंडेन्सर खराब असले तरी अशीच टिक-टिक होऊ शकते, कारण मग मदतनीस वाइंडिंगलाही पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. म्हणून दोष कुणाचा हे आवाजावरून ठरत नाही. दोन्ही बाजू बघाव्या लागतात, आणि नेमकं इथेच बहुतेक दुरुस्त्या अडकतात. फुगलेले दिसतात, ते बदलतात. टिक-टिक चालूच राहते. मग आयसीवर संशय, मग ‘बोर्ड गेला’ असं सांगून मॉनिटर भंगारात.

सामानासाठी ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथे आणि बाजूच्या प्रॉक्टर रोडवर काउंटरवर ‘हजार-पंचवीस’ एवढंच म्हणायची पद्धत आहे आणि तेवढंच म्हटलं तर हातात ८५ डिग्रीचा साधा माल येतो. मागणी पूर्ण करावी: ‘दादा, हजार एमएफडी पंचवीस व्होल्ट, एकशेपाच डिग्री, लो ईएसआर.’ एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरड, ईएसआर म्हणजे कंडेन्सरचा आतला रोध. साधा कंडेन्सर ५० हर्ट्झच्या अडॅप्टरमध्ये चालतो. ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या या सप्लायमध्ये तो आतून तापतो आणि वर्षभरात फुगतो. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासॉनिक, निप्पॉन केमिकॉन यांचा अस्सल माल मिळाला तर घ्यावा. मात्र नावावर विसंबू नये, नवी प्लॅस्टिकची टोपडी चढवलेला मालही बाजारात असतो. पाय निस्तेज किंवा कापलेले असतील, टोपडं डोक्यावर वाकडं बसलं असेल, एकाच पाकिटातल्या दोन नगांचं वजन वेगळं लागत असेल तर परत द्यावा. खिशात ईएसआर दाखवणारा छोटा टेस्टर असला तर काउंटरवरच मोजून घ्यावं. दुकानदार त्याला हरकत घेत नाहीत. १०००, २५ व्होल्टचा चांगला नग ०.०५ ओहमच्या आत दाखवतो.

१० व्होल्टच्या जागी १६ व्होल्टचे घेतले. व्होल्टेज वाढवलेलं चालतं, कमी केलेलं नाही. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवावेत. व्यास १० मिलिमीटर आणि पायांमधलं अंतर ५ मिलिमीटर जुळलं पाहिजे, आणि उंचीही बघावी, कारण वर पत्रा येतो. पत्र्याला टेकलेला कंडेन्सर पुढे आपलं टोपडं फाडून घेतो. २२ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा एक छोटा नगही त्याच फेरीत घेतला. सगळं सामान मिळून दोनशे रुपयांच्या आत.

सोल्डरिंगमध्ये घाई नुकसान करते. हा तपकिरी बोर्ड कागदी लॅमिनेटचा असतो. जास्त वेळ तापवला की तांब्याची चकती सुटून वर येते. बोर्डावरचं सोल्डर बिनशिशाचं असेल तर ते २१७ अंशांच्या वर वितळतं. त्यावर आधी आपलं ६०/४० चं थोडं सोल्डर घातलं, दोन्ही मिसळली, की ते कमी तापमानाला सुटतं. नुसता सोल्डर ओढणारा सकर लावून झटापट करण्यापेक्षा हे फार सोपं पडतं. २५ वॉटचं आयर्न बहुतेक पायांना पुरलं; ग्राउंडच्या रुंद पट्टीवर मात्र ४० वॉटचं घ्यावं लागलं. कमी वॉटचं आयर्न तिथे बराच वेळ टेकवून ठेवणं हीच चकती उखडायची सर्वात हमखास रीत आहे. एक पाय तापवून कंडेन्सर किंचित कलवायचा, मग दुसरा, असं दोन-तीनदा केलं की तो अलगद निघतो. काढल्यावर भोक साफ करून मगच नवा घालायचा, रेटून घातला तर पाय चकतीला ढकलून वर उचलतो. निगेटिव्हची पट्टी फोटोशी पडताळली. बोर्डावर रंगवलेली बाजू बहुतेक ठिकाणी निगेटिव्ह असते, सगळीकडे नाही, आणि उलटा बसलेला कंडेन्सर वीज लावल्यावर फुटू शकतो.

मुद्दाम आधी फक्त चार फुगलेले आणि गोंदाने खाल्लेला रेझिस्टर बदलला, छोटा २२ चा तसाच ठेवला. वीज लावली. टिक-टिक तशीच, थोडी संथ. जुने चार नग टेस्टरवर लावले तर १००० चा एक ३१० मायक्रोफॅरड आणि १.८ ओहम दाखवत होता, म्हणजे ते खराब होतेच, बदलणं गरजेचंच होतं. पण उठण्यातला अडथळा ते नव्हते.

इथे एक चाचणी उपयोगी पडते. प्लग काढला, जाड कंडेन्सर रेझिस्टरने रिकामा केला, आणि हेअर-ड्रायरची गरम हवा त्या छोट्या कंडेन्सरवर मिनिटभर धरली. ड्रायर बाजूला ठेवून, हात लांब घेऊन वीज लावली. सप्लाय पहिल्या फटक्यात उठला, ५ व्होल्ट स्थिर. बंद करून अर्धा तास थंड होऊ दिला, परत लावला: टिक, टिक. गरम झाल्यावर सुकत आलेल्या इलेक्ट्रोलाइटचा रोध कमी होतो आणि कंडेन्सर तेवढ्यापुरता काम देतो. ‘सकाळी तासभर लुकलुकतो आणि मग आपोआप चालू होतो’ किंवा ‘एसीच्या खोलीत उठत नाही, हॉलमध्ये उठतो’ अशा तक्रारींच्या मागे हेच असतं. वर्षभर चालू असलेला मॉनिटर एका दिवसाच्या अंधारानंतर मरतो तोही यामुळेच. चालू असताना मदतनीस वाइंडिंग आयसीला सांभाळून घेत असतं, साठ्याची गरजच पडत नाही.

तो छोटा कंडेन्सर काढून मोजला: २२ च्या जागी ५.८ मायक्रोफॅरड, ईएसआर २३ ओहम. आणि दिसायला अगदी नवा. डोकं सपाट, टोपडं चकचकीत. ५ मिलिमीटर व्यासाच्या एवढ्या लहान डब्याला डोक्यावर चीर नसतेच, तो फुगूनही दाखवत नाही. बुडाच्या रबरातून वर्षानुवर्षं हळूहळू सुकत जातो. शिवाय त्याची जागा मॉस्फेटच्या तापलेल्या हीटसिंकला, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्टीला, अगदी खेटून. इलेक्ट्रोलाइटिक कंडेन्सरचा ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तासांचा नग ६५ अंशांवर ३२,००० तास जातो, रोज ८ तासांनी जवळपास ११ वर्षं. ८५ अंशांवर त्याचेच ८,००० तास होतात. त्यात भर म्हणजे बटणाने बंद केलेल्या मॉनिटरमध्येही हा भाग चालूच असतो. भिंतीवरचं बटण बंद करायची सवय त्याच्यासाठी खरोखर चांगली आहे.

नवा २२, ५० व्होल्ट, ५००० तासांचा, बसवताना पाय थोडे लांब ठेवले, त्यांवर स्लीव्ह चढवली, आणि कंडेन्सर हीटसिंकपासून ३-४ मिलिमीटर बाजूला कलवला. इथे ४७ मायक्रोफॅरडचाही चालतो, फक्त भरायला दुप्पट वेळ लागतो आणि भिंतीवरचं बटण दाबल्यावर मॉनिटर दोन-अडीच सेकंद गप्प राहतो. १०० टाकण्यात काही अर्थ नाही. भिंगाखाली ट्रान्सफॉर्मरचे पाय बघितले. दोन पायांभोवती केसासारखी गोल चीर होती, ड्राय सोल्डर. जुनं काढून नवं भरलं. इन्व्हर्टरच्या दोन्ही छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या पायांनाही तेच केलं.

आता लोडवर. ५ व्होल्टला ४.७ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर, म्हणजे १ अँपिअरच्या जरा वर. १४ व्होल्टला गाडीचा १२ व्होल्ट, १० वॉटचा बल्ब, काही मिनिटांपुरता. बिनलोडचे आकडे फसवे असतात. दमलेला सप्लायही रिकामा असताना ५ व्होल्ट दाखवतो. इथे ५.०८ वरून ५.०४ वर आला आणि थांबला, दुसरी लाइन १४.१. व्हीसीसी १४.६ वर स्थिर, उड्या बंद. रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली थरथर, साध्या मीटरच्या एसी रेंजवर मोजू नये. ती रेंज ५० हर्ट्झसाठी असते, या फ्रीक्वेन्सीचा आकडा ती खरा सांगत नाही.

जोडणी करून पडदा लावला तेव्हा चित्र आलं आणि टिकलं. चित्र दोन सेकंद येऊन काळोख झाला असता तर पॉवर सप्लाय सोडून इन्व्हर्टरकडे वळावं लागलं असतं. तेव्हा काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारून बघावं. पुसट चित्र दिसलं तर फक्त उजेड गेला आहे. चार ट्यूबपैकी एक जरी कमी करंट घेऊ लागली तरी संरक्षण सर्किट सगळा उजेड बंद करतं. ट्यूबचे कनेक्टर अदलाबदल करून दोष ट्यूबबरोबर जातो की जागेवर राहतो ते कळतं, पण प्रत्येक वेळी प्लग काढूनच. पेटताना तिथे १००० व्होल्टच्या वर जातं. ट्यूब फुटू देऊ नये, आत पारा असतो.

चालू मॉनिटर चार तास पाहिला, पण त्यावर समाधान मानलं नाही. खरी परीक्षा थंड सप्लायची. रात्रभर भिंतीवरून बंद ठेवला, एसीच्या खोलीत. सकाळी बटण दाबलं, सेकंदाभरात हिरवा दिवा लागला आणि तसाच राहिला. सलग तीन सकाळी. मग मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, बदललेल्या पाचही कंडेन्सरचे आकडे आणि व्हीसीसी १४.६ असं लिहिलं, आणि खाचा दाबून झाकण बसवलं.